ओळंब्यातली माणसं

"ताई, पंखा बंद करा. ओळंबा हलतोय."

स्वयंपाकघराच्या टाइल्स बदलायला काढल्या होत्या. जुन्या फोडून झाल्या, खालचं उघडंवाघडं प्लास्टर दिसायला लागलं आणि मिस्त्रींनी पिशवीतून ओळंबा काढला. दोऱ्याच्या वरच्या टोकाची लाकडी पट्टी भिंतीला टेकवली, खाली पितळी वजन सोडलं. ते डोलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. मग ते म्हणाले, "भिंत ओळंब्यात नाही तुमची. मधे पोट पण आलंय. आणि हा कोपरा गुण्यात नाही."

सत्तावीस वर्षं त्या भिंतीसमोर उभी राहून मी पोळ्या लाटल्या. मला ती सरळच वाटत होती.

मिस्त्री चहा प्यायला बसले आणि मला एकदम ईयोब आठवला. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी शब्द असे अवेळी येऊन उभे राहतात. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ईयोबाची गोष्ट सुरू होते ती एका वाक्याने: ऊस नावाच्या देशात ईयोब नावाचा एक माणूस होता, तो 'पर्फेक्ट' होता आणि 'अपराइट' होता. वर्गात मी अपराइट म्हणजे सदाचारी असं फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. अर्थ चुकीचा नव्हता, पण त्यात भिंत नव्हती. अपराइट म्हणजे आधी उभा, ताठ, ओळंब्यातला. भाषांतरकारांच्या समोर मूळ हिब्रू शब्द होता 'याशार', म्हणजे सरळ. रस्ता सरळ असतो तसा. त्यांनी तो सरळपणा आडवा न ठेवता उभा केला.

बायबलातच आमोस नावाच्या संदेष्ट्याला एक दृश्य दिसतं. देव एका भिंतीपाशी उभा आहे आणि त्याच्या हातात ओळंबा आहे. तो ओळंबा आता आपल्या लोकांमध्ये सोडणार आहे. हे मी कितीदा वाचलं असेल, पण त्यातला देव हा गवंडी आहे हे कळायला घरात गवंडीकाम निघावं लागलं.

जुन्या इंग्रजीत चांगुलपणाचे शब्द असे हत्यारांच्या पेटीतून आले आहेत. काही थेट, काही लॅटिनच्या दारातून. 'नॉर्मल' हा शब्द ज्या 'नॉर्मा'पासून आला तो सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. 'रूल' म्हणजे नियम, पण त्याच्या मुळाशी असलेली 'रेगुला' ही सरळ पट्टी. 'स्क्वेअर' म्हणजे गुण्या, आणि 'फेअर अँड स्क्वेअर' म्हणजे व्यवहार काटकोनात. क्लिओपात्राच्या मोहात सापडलेला शेक्सपिअरचा अँटनी लग्न ठरल्यावर ऑक्टेव्हियाला सांगतो की आजवर मी गुण्यात राहिलो नाही, यापुढे सगळं पट्टी लावून करीन. नवरदेवाने असं बोलावं हे मला फार आवडतं. इतिहास ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला अर्थातच माहीत असतं की हा कोपरा काही काटकोनात येणार नाही.

आणि जे वाईट, ते वाकडं. 'रॉंग' हा शब्द स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांकडून इंग्रजीत आला, त्याचा अर्थ वाकडा, पिळलेला. ओलं कापड पिळायला इंग्रजीत जे क्रियापद आहे, 'रिंग', ते त्याच्याच भावकीतलं. कायद्यातला 'टॉर्ट', म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करणारं गैरकृत्य, लॅटिन-फ्रेंच वाटेने आला, पण तोही पिळलेलाच. आपण वेगळं काय म्हणतो? वाकडं पाऊल पडतं, माणूस वाकड्यात शिरतो. उलट जो चांगला तो सरळमार्गी, नाकासमोर चालणारा. संस्कृतातला 'ऋजु' आणि इंग्रजीतला 'राइट' हे तर एकाच दूरच्या घराण्यातले. लॅटिनचा 'रेक्टस'ही त्यातलाच. आपला 'उजवा' त्याच ऋजूपासून आला असं व्युत्पत्तिकार सांगतात, आणि इंग्रजीतही उजव्या हाताला राइटच म्हणतात. डावखुऱ्यांवरचा हा अन्याय दोन्ही भाषांनी मिळून केलेला आहे. मी डावखुरी आहे, म्हणून एवढं बोलून घेते.

ऋजूवरूनच 'आर्जव' झाला. गीतेच्या तेराव्या आणि सोळाव्या अध्यायात गुणांच्या याद्या आहेत, दोन्हींत आर्जव आहे, अर्थ मनाचा सरळपणा. आणि आज? "किती आर्जवं केली, पण साहेब काही ऐकेनात." ताठ उभा राहणारा गुण हात जोडून दारात कसा आला, हे मला नीट सांगता येणार नाही. आडपडदा न ठेवता मनातलं बोलणं, मग कळवळून बोलणं, मग गयावया, अशा पायऱ्या असाव्यात, असा माझा अंदाज. पण इंग्रजीतल्या नैतिक शब्दांचे पाय असेच घसरलेले पाहिले की वाटतं, चांगुलपणाच्या शब्दांना ही खोडच आहे. ते फार काळ ओळंब्यात राहत नाहीत.

'रायचस' म्हणजे नीतिमान, त्याचंच बघा. हा मुळात 'रिह्टवीस', म्हणजे नीट रीतीचा. त्यातला 'वाइज' तोच, जो 'लाइकवाइज' आणि 'क्लॉकवाइज'मध्ये आहे. सोळाव्या शतकापर्यंत लोक ती जोडणी विसरले आणि 'बाउंटियस'सारख्या शब्दांच्या चालीवर त्याचं शेपूट बदललं. पुढच्या शतकात त्याला 'सेल्फ' चिकटला. आता चर्चबाहेरच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुधा त्या 'सेल्फ'सकट येतो, आणि तेव्हा तो शिवी असतो. स्वतःच्याच हाताने स्वतःला ओळंबा लावणारा तो सेल्फ-रायचस. आपल्याकडे 'सोवळा' शब्दाचं असंच झालं. "फार सोवळा समजतो स्वतःला" असं म्हणताना तिथे स्वच्छतेचा काही संबंध नसतो.

मात्र मी ज्या शब्दापाशी सगळ्यात जास्त अडखळले, तो 'ऑनेस्ट'.

आज ऑनेस्ट म्हणजे खोटं न बोलणारा, पैशाला हात न लावणारा. तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा जिभेशी फारसा संबंध नव्हता. लॅटिन 'ऑनेस्टुस' म्हणजे मानाचा, चारचौघांत ज्याला पत आहे असा. 'ऑनर' त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे ऑनेस्ट असणं हे तुम्ही काय बोलता यावर नाही, तर लोक तुमच्याकडे कसं बघतात यावर ठरायचं. आणि मग नेहमीचं घडलं. पुरुषाचा मान त्याच्या शब्दावर आणि पराक्रमावर मोजला गेला, बाईचा मान तिच्या शरीरावर. बाई ऑनेस्ट म्हणजे शीलवती, बस्स. तिने दिवसभर थापा मारल्या तरी चालेल. हॅम्लेट ऑफेलियाला विचारतो, तू ऑनेस्ट आहेस का? वर्गातल्या मुलांना वाटायचं, तो विचारतोय की खरं बोलतेस का. खरं तर तो फार घाण प्रश्न विचारत असतो. ठेवलेल्या बाईशी लग्न केलं की 'तिला ऑनेस्ट केलं' असं इंग्रजीत म्हणत. करणारा कोण, तर ज्याने तिची अब्रू आधी घालवली तोच.

'व्हर्च्यू'ची, म्हणजे सद्गुणाची, कथाही तीच. तो शब्द लॅटिन 'विर'पासून, म्हणजे पुरुष; व्हर्च्यू म्हणजे मर्दपणा. बाईच्या वाट्याला येताना त्याचं कौमार्य झालं. १७४० साली सॅम्युअल रिचर्डसनने 'पॅमेला' लिहिली. घरातल्या मोलकरणीने मालकाला दाद दिली नाही म्हणून शेवटी त्याच मालकाशी तिचं लग्न होतं, आणि उपशीर्षकात लिहिलंय की हे व्हर्च्यूचं बक्षीस. पुढच्याच वर्षी हेन्री फील्डिंगने 'शॅमेला' लिहून त्याची टर उडवली. त्याची नायिका त्या शब्दाचा उच्चारच बिघडवून 'व्हार्ट्यू' म्हणते. मला फील्डिंग जवळचा वाटतो.

पण ऑनेस्टचा खरा खेळ शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त आहे. विल्यम एम्पसन नावाच्या समीक्षकाने मोजलं, त्या एका नाटकात ऑनेस्ट आणि ऑनेस्टी मिळून ५२ वेळा येतात. ऑथेल्लोच्या बायकोसाठी, डेस्डिमोनासाठी, वापरला की तो शब्द तिच्या पदराबद्दल बोलतो. तिच्याविरुद्ध त्याचे कान भरणाऱ्या कपटी इयागोसाठी वापरला की अर्थ होतो भरवशाचा, रोखठोक, आपला माणूस. शब्द एकच, पण त्याच्या दोन कप्प्यांमध्ये दारच नाही. ऑथेल्लो बायकोबद्दल विचारताना आणि हाताखालच्या माणसावर भरवसा टाकताना तोच शब्द उच्चारतो, आणि त्या गोंधळात बायको मरते. तिचा गळा दाबून झाल्यावरसुद्धा तो एमिलियाला सांगतो की तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं मला, ऑनेस्ट, ऑनेस्ट इयागोने. एकदा म्हणून त्याचं समाधान होत नाही.

गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली हे नाटक 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं. मराठीत हे नाटक करायचं म्हणजे पहिली अडचण हीच की ऑनेस्टला एक शब्द नाही. इयागो प्रामाणिक, डेस्डिमोना पतिव्रता, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी वर्गात हे सांगून मराठी भाषेची थोडी तारीफ करायचे, की बघा, आपल्याकडे हा घोटाळा होत नाही. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चारित्र्य?"

मी थांबले. तिने आणखी काही बोलायची गरज नव्हती. मुलाच्या दाखल्यावर चारित्र्य म्हणजे त्याने परीक्षेत कॉपी केली नाही, मारामारी केली नाही. पेपरात 'चारित्र्याच्या संशयावरून' असे शब्द आले की पुढचा शब्द 'पत्नीचा' असणार, आणि त्याच्या पुढचा काय, ते आपण सगळेच वाचतो. कुठल्याही जिल्ह्याचं पान काढा. त्या दिवसापासून मी मराठीची ती तारीफ बंद केली.

ऑनेस्टची आणखी एक गंमत. तो शब्द सहसा वरून खाली दिला जातो. इयागो हा हुद्द्याने खालचा. बढती त्याला मिळालेली नाही, ती कॅसिओला मिळाली आहे. वरचा माणूस 'ऑनरेबल', खालचा 'ऑनेस्ट फेलो'. आपणही "मोलकरीण प्रामाणिक आहे हो, कपाट उघडं टाकून जाते मी" असं शेजारणीला सांगतो. बँकेच्या मॅनेजरची ओळख करून देताना कोणी आधी "हे प्रामाणिक आहेत" असं सांगतं का? सांगितलं तर मॅनेजर चपापेल. ज्याच्या चोरीची शक्यता आपण मनात धरलेली असते, त्यालाच आपण हे प्रशस्तिपत्र देतो.

आणि जे शब्द मुळातच खालच्या माणसांचे होते, त्यांची तर वाटच लागली. 'व्हिलन' म्हणजे फक्त जमीनदाराच्या शेतावर राबणारा. 'नेव्ह' म्हणजे पोरगा, मग नोकर पोरगा, मग लुच्चा. उलट 'जेंटल' म्हणजे चांगल्या कुळातला. कुळावरून त्याला सौजन्य आपोआप बहाल झालं. सी. एस. लुईस या समीक्षकाने याला दर्ज्याच्या शब्दांचं नैतिकीकरण म्हटलं आहे. आपण 'कुलीन' आणि 'गावंढळ' हे शब्द कसे वापरतो त्यावरून हे कळायला लुईसची गरज नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. 'सिली' हा एके काळी धन्य, देवाने आशीर्वाद दिलेला. मग निष्पाप, मग बिचारा, मग मूर्ख. जर्मनमधला त्याचा भाऊ 'सेलिग' अजून धन्यच आहे. 'सॅड' म्हणजे स्थिर, गंभीर. चौदाव्या शतकातला कवी चॉसर, त्याची ग्रिसेल्डा नवऱ्याचा सगळा छळ सोसते तेव्हा चॉसर तिला सॅड म्हणतो, भिंतीसारखी अढळ या अर्थाने. दुःखी या अर्थानेही ते खपून गेलं असतं म्हणा. 'नॉटी' म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो, नंतर दुष्ट. १६११च्या बायबलात यिर्मया या संदेष्ट्याला देवळासमोर दोन टोपल्या दिसतात, त्यातल्या एकीतली अंजिरं इतकी 'नॉटी' असतात की खाताच येत नाहीत. वर्गात हे वाचलं की हमखास हशा. पण आपण तरी पोराला लाडाने "लबाड कुठला!" म्हणतोच की. लबाड हा शब्द कोर्टात आणि पाळण्यापाशी सारखाच खपतो.

या सगळ्यात मला एकाच शब्दाची हळहळ वाटते. 'ट्रूथ'ची. चॉसरच्या काळात ट्रूथ हे बोलायचं कमी आणि पाळायचं जास्त होतं. त्याच्या एका कथेत नवरा बायकोला सांगतो की माणसाने राखण्याजोगी सगळ्यात थोर गोष्ट म्हणजे ट्रूथ. राखण्याजोगी, म्हणजे दिलेला शब्द, निष्ठा. १५४९च्या प्रार्थनापुस्तकात नवरा-बायको एकमेकांना आपलं 'ट्रॉथ' देतात, तो त्याचाच जुना अवतार. पुढे ट्रूथ म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणारं विधान झालं आणि ट्रॉथ लग्नाच्या मांडवातच राहून गेला. मराठीत 'शब्द खरा केला' हा प्रयोग अजून जिवंत आहे. बोलताना शब्द खरा नसतो, तो नंतर करावा लागतो. हे मी कितीतरी इंग्रजीच्या प्राध्यापकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्यांना त्यात एवढं काय आहे ते कळलं नाही. असो.

आता माझ्या स्वतःच्या सहीबद्दल सांगते. 'कॅरेक्टर' म्हणजे ग्रीकमध्ये कोरलेली खूण, ठसा. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात मात्र कॅरेक्टर हा कागदही होता. मोलकरीण नोकरी सोडताना मालकीण तिला लिहून देई, ऑनेस्ट आहे, दारू पीत नाही, कष्टाळू आहे. तो कागद नसेल तर दुसरं घर मिळणं मुश्कील. खोटे कागद इतके फिरायला लागले की १७९२ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणजे 'तिला कॅरेक्टर नाही' याचा अर्थ तिच्यापाशी चिठ्ठी नाही, असाही होत असे. आणि ही चिठ्ठी आपली. साहेबांच्या खानसाम्यांकडे, आयांकडे असे कागद असत, इंग्रज त्याला 'चिट' म्हणू लागले, आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा जो हॉब्सन-जॉब्सन कोश १८८६ साली निघाला, त्यात चिटच्या अर्थांत नोकराला दिलेला दाखला नोंदलेला आहे. तो शब्द इंग्लंडला गेला, ते वाक्य आपल्याकडे राहिलं. कॉलेजच्या दाखल्यांवर छापलेलं असतं: 'बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर'. इंग्लंडात आज असं कोणी लिहिलं तर लोक चमकतील. आपल्याकडे फोटोकॉपीच्या दुकानात त्याचा तयार नमुना मिळतो.

विभागप्रमुख झाल्यावर ते गठ्ठे माझ्यासमोर यायचे. नाव भरलेलं, सहीची जागा रिकामी. ज्या मुलाला मी रांगेतल्या तिसऱ्या बाकावरचा एवढंच ओळखत होते, त्याच्या नीतीची मी हमी दिली. अशा किती दिल्या, देव जाणे. एक मुलगा दाखला हातात घेऊन तिथेच वाचत उभा राहिला. "मॅडम, 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत आहे तितपत."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, पुढच्याला येऊ दे.

टाइल्सचं काम नऊ दिवस चाललं. पोट आलं होतं तिथे मिस्त्रींनी प्लास्टर तासलं, वरच्या बाजूला मसाला जाड घातला. कोपऱ्यात शेवटच्या टाइलची फट खाली बोटभर आणि वर त्याहून कमी राहिली. ती मी स्वतःहून पाहिली नसती. त्यांनीच बोलावून दाखवली. "इथे कापून तिरकी बसवावी लागेल. नाहीतर फट दिसेल. कोपरा मी सरळ करू शकत नाही, बिल्डिंगचाच वाकडा आहे." मी म्हटलं, बसवा तिरकी. तिथे आता मसाल्याचे डबे असतात.

पैसे देऊन झाल्यावर ते दारात घुटमळले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही बाथरूमचं काम काढायचं आहे म्हणे. "त्यांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका ना. तुमचं ऐकतील."

मी फोन घेऊन बसले. लिहिलं: 'आमच्याकडे यांनी काम केलं. काम चांगलं आहे. प्रामाणिक आहेत.' मग 'प्रामाणिक आहेत' खोडलं आणि 'चूक दाखवून देतात' असं लिहिलं. पुढे 'वेळेवर येतात' असं लिहिलं. ते समोरच उभे होते, स्क्रीनकडे न बघण्याचा प्रयत्न करत.

'वेळेवर येतात' खोडलं आणि पाठवून दिलं.